पिवळ्या रेषेपलीकडून

३ फेब्रुवारी

धाकटीस,

मायन्यात आशीर्वाद लिहावेत की नमस्कार, याचा निर्णय न झाल्यामुळे ती जागा मोकळी सोडली आहे. वयाने मी आठ वर्षांनी मोठा असलो, तरी एकतीस वर्षे ज्या बहिणीशी एक शब्द बोललो नाही तिला आशीर्वाद देण्याचा अधिकार उरतो किंवा कसे, याविषयी मला शंका आहे. तुझा पत्ता भाचीकडून मिळाला. तिच्यावर रागावू नकोस. मी तीन वेळा दूरध्वनी केला तेव्हा कुठे तिने तो सांगितला, आणि सांगतानाही "मामा, आईला त्रास होईल असं काही लिहू नका हं," असे बजावले.

म्हणून कामाचे तेवढे लिहितो.

रुग्णालयातील आपल्या धुलाईघर कामगार समितीचे सर्व कागद मी गेल्या महिन्यात एका संग्रहाला दिले. चळवळींचे कागद जतन करणारी ही संस्था एका बंद पडलेल्या शाळेच्या दोन वर्गखोल्यांत आहे. फळे अजून भिंतीवर आहेत. त्यांच्यासमोर आता लोखंडी मांडण्या लावल्या आहेत. संग्रहपाल तिशीतली मुलगी आहे. गंजलेल्या टाचण्या ती इतक्या हलक्या हाताने काढते, की कागदाला कळू नये. मी तिला इतिवृत्तांची चार पुस्तके दिली. सात वर्षे, दोनशे बारा ठराव, सर्व माझ्या अक्षरात, आणि एकाही पानावर खाडाखोड नाही. ती पाहून मुलगी प्रसन्न होईल, अशी माझी अपेक्षा होती. तिने तीन दिवस वाचून विचारले, "काका, सात वर्षांत तुमच्याकडे कुणी कधी 'नाही' म्हणालंच नाही का?"

मी सांगितले, की मतभेद चर्चेत होत. ठराव सर्वानुमते होत.

"दोनशे बाराच्या दोनशे बारा! आमच्या घरी चहा करायचा की कॉफी, यावर एकमत होत नाही हो."

मी हसलो नाही. एकशे अठ्ठ्याऐंशीव्या ठरावाचे पान तिने उघडे ठेवले होते.

तो ठराव तुला आठवत असेलच. संपाचा तेविसावा दिवस. यंत्रांवर काम करणाऱ्या कायम स्त्रियांना हातमोजे, गरम पाणी आणि आजारपणाची रजा द्यायला रुग्णालय तयार झाले होते. मळक्या चादरींची गाठोडी सोडून हातांनी निवड करणाऱ्या छाटणीवाल्या मात्र कंत्राटी होत्या. त्यांच्याविषयी ठरावात एवढेच होते: "छाटणी विभागातील स्त्रियांचा विचार पुढील टप्प्यात करावा, तोवर त्या या समितीच्या कक्षेबाहेर राहतील." तू स्वतः यंत्रावर होतीस, तुला सर्व काही मिळणार होते, आणि तू विरोध केलास. इतिवृत्तात तो नाही.

हे आता उकरून काढण्याचे कारण असे. त्याच रुग्णालयातील आजच्या छाटणीवाल्यांनी कामगार म्हणून हक्क मागितला आहे, आणि प्रशासनाने तोच ठराव पुढे केला आहे. 'तुमच्या समितीनेच एकमताने मान्य केले होते, की छाटणीवाल्या धुलाईघराच्या नाहीत.' सुनावणी २४ मार्चला आहे. छाटणीवाल्यांच्या वकीलबाई मूळ पुस्तक पाहण्यास संग्रहात आल्या, आणि तेथे चिटणीसच बसलेला त्यांना सापडला: मी, छापखान्यातला, अक्षर चांगले म्हणून तुम्ही बाहेरून आणलेला.

माझी बाजू स्पष्ट करणे आवश्यक आहे. धुलाईघराच्या फरशीवर एक पिवळी रेषा होती. एका बाजूला मळके, दुसऱ्या बाजूला धुतलेले. मळक्या बाजूच्या बाईने अंघोळ करून कपडे बदलल्याखेरीज रेषा ओलांडायची नाही, हा नियम रुग्णालयाचा होता आणि रोगजंतूंच्या दृष्टीने योग्यच होता. सभा स्वच्छ बाजूच्या इस्त्रीखोलीत होत, म्हणून तोच नियम आपण सभेलाही लावला: रेषेच्या आत बसेल तो सभासद उपस्थित. मतदानापूर्वी तू उठलीस, रेषा ओलांडलीस आणि छाटणीवाल्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिलीस. जे बोललीस, ते तेथून बोललीस. आत बसलेल्या चौतीस जणांपैकी एकानेही विरोध केला नाही. 'उपस्थित सभासदांनी सर्वानुमते' हे माझे शब्द काटेकोरपणे खरे आहेत.

तथापि वकीलबाईंना तुझे निवेदन हवे आहे. जसे सुचेल तसे लिही. भाषेची काळजी करू नकोस; ती मी पाहून घेईन.

इतक्या वर्षांत तू मला एकही पत्र लिहिले नाहीस, याची तक्रार करीत नाही. केवळ नोंद करतो.

तुझा थोरला भाऊ


१४ फेब्रुवारी

धाकटीस,

उत्तर आले नाही. ते येईल असे मी कोणाला म्हटलेही नव्हते; तरी टपालवाला हल्ली माझ्या फाटकाशी आला की मान हलवून पुढे जातो.

मागील पत्राची स्थळप्रत माझ्यापाशी आहे. काल ती वाचली. तीत एक विधान असत्य आहे. तू मला पत्र लिहिले होतेस. एक. त्याविषयी आज लिहिणे मला जमणार नाही.

दुसरीही एक दुरुस्ती आहे, आणि ती मला त्या मुलीमुळे करावी लागत आहे. रेषेचा नियम मी तिला समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला, पुस्तकाची तीन पाने मागे उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवले: "अध्यक्ष बॉयलरचा दाब पाहण्यास मध्येच गेले."

"बॉयलर कुठल्या बाजूला होता, काका?"

मी पाणी मागितले.

बॉयलर मळक्या बाजूला होता, हे तुला सांगायला नको. आपले अध्यक्ष बॉयलरवाले. सभा असो वा नसो, दर अर्ध्या तासाने त्यांना काट्याकडे पाहावे लागे. मतदानाच्या वेळी ते तेथूनच, वाफेतून ओरडले होते, "अरे, माझा 'हो' धर रे!" आणि मी तो धरला. चौतीस जणांत ते आहेत. रेषेपलीकडून आलेला 'हो' मी मोजला आणि रेषेपलीकडून आलेला 'नाही' मोजला नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होते.

त्या दिवशी संग्रहात आणखी एक प्रकार घडला. पुस्तक उघडे होते. मी खिशातले पेन काढून टोपण उघडले. 'सर्वानुमते' या शब्दावर आडवी रेघ मारावी, समासात खरे काय ते लिहावे, खाली आद्याक्षरे आणि दिनांक घालावा. छापखान्यात चाळीस वर्षे मुद्रिते तपासणाऱ्याला याहून सरळ मार्ग कोणता? मुलीने माझे मनगट धरले. चांगले घट्ट धरले.

"काका! पेन खाली ठेवा!"

"अहो, ती चूक आहे."

"असू दे. इथे आत पेन आणायचंच नसतं. दारावर पाटी आहे. तुम्हीच गेल्या आठवड्यात तिचं शुद्धलेखन सुधारलंत ना?"

सुधारले होते. पाटीवर काय लिहिले आहे, याकडे माझे लक्ष गेले नव्हते.

मग तिने मला खुर्चीवर बसवले आणि लहान मुलाला सांगावे तसे सांगितले, की जे पान जसे आले तसेच राहणार. मीही त्याला हात लावायचा नाही, तीही लावणार नाही. फार तर त्याच्या शेजारी दुसरा कागद ठेवता येईल. मी म्हणालो, ठीक आहे, बहीण विरोधात होती असे मी लिहून देतो. ती थोडा वेळ टाचण्या गोळा करीत राहिली आणि म्हणाली, "त्या बाईंचं 'नाही'सुद्धा तुम्हीच लिहिणार?"

तेव्हा कारणाविषयी. मळक्या बाजूला उभी होतीस म्हणून तुझा विरोध गळला, हे कारण आता मी मागे घेतो. खरे कारण असे आहे, की त्या दुपारी रुग्णालयाच्या अधिकाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितले होते, "ठराव एकमताने आला तर उद्या सकाळी सही. एक जरी विरोध दिसला, तरी बोलणी पहिल्यापासून." तेवीस दिवस झाले होते. यंत्रवाल्यांपैकी सात जणी कामावर परत जाण्याच्या बेतात होत्या. फूट कागदावर दिसली असती, तर सगळेच हातचे गेले असते. मी जे केले ते चळवळीसाठी केले.

हे कारण खरे आहे. ते पूर्ण आहे, असे मी म्हणत नाही.

थोरला


२८ फेब्रुवारी

धाकटीस,

आज संग्रहात मुलीने एक खोके उघडले. सुईवाल्या मावशीच्या नातीने दिलेले. आत मावशीची एक साडी, कामाचा बिल्ला आणि पावडरचा तो पत्र्याचा डबा. मुलीने तो कुतूहलाने हलवला. "काका, यात काय आहे?"

तो आवाज मी एकतीस वर्षांनी ऐकला. मला बाहेर व्हरांड्यात जाऊन बसावे लागले.

परत आल्यावर मी तिला सांगितले. मळक्या चादरींत परिचारिकांच्या हातून राहून गेलेल्या सुया निघत. छाटणीवाल्यांच्या बोटांत शिरत. मावशी प्रत्येक सुई डब्यात टाकी आणि डबा सभेला आणी. छाटणीवाल्यांना मत नव्हते. रेषेपलीकडे उभे राहून ऐकण्याची तेवढी मुभा होती. एखादी गोष्ट पटली, की मावशी डबा वाजवी. अध्यक्ष एकदा म्हणाले, "मावशी, पुरे. पूर्णविरामाला लिहायला ऐकू येत नाही." मला पाठीमागे 'पूर्णविराम' म्हणतात, हे मला त्या दिवशी प्रथम समजले. तू तोंडावर पदर धरून हसत होतीस.

एकशे अठ्ठ्याऐंशीव्या ठरावाच्या दिवशी तू बोलून थांबलीस आणि मावशीने डबा वाजवला. तोपर्यंत कधी वाजवला नव्हता इतका वेळ वाजवला. माझ्या कच्च्या टिपणात त्या जागी एक शब्द होता: 'गोंगाट.' त्याच्या वर तुझे बोलणे होते. होय, मी ते उतरवून घेतले होते. पहिल्या पत्रापासून हे मी टाळत आलो आहे. टिपणात तुझे बोलणे होते, आणि पक्क्या प्रतीत ते मी आणले नाही. पक्की प्रत झाली, की कच्ची फाडायची, ही माझी छापखान्यातली सवय. त्याबद्दल मला कोणी बोल लावू शकत नाही. त्या दिवशी मात्र मी ते टिपण फाडून टोपलीत टाकले नाही. उठून, रेषा ओलांडून, बॉयलरच्या तोंडात टाकून आलो.

दोन वर्षांनी तू अकरा जणींना घेऊन कामगार अधिकाऱ्याकडे गेलीस. मावशीचे डोळे तेव्हा पिवळे झाले होते. बाकावर बसून ती भिंतीला डोके टेकत होती. इतिवृत्ताची नक्कल प्रमाणित करण्यासाठी मला बोलावले होते. अधिकाऱ्याने कागद तुझ्यापुढे फिरवला. "बाई, हे तुमच्याच भावाचं अक्षर ना? इथे तर सगळ्यांनी मान्य केलंय." तू कागदाकडे पाहिले नाहीस. माझ्याकडे पाहिलेस. अधिकाऱ्याने मला विचारले आणि मी उत्तर दिले, "नक्कल मुळाबरहुकूम आहे."

माझ्या आयुष्यात मी याहून बिनचूक वाक्य उच्चारलेले नाही. अर्ज त्याच दिवशी निकालात निघाला. मावशी त्या वर्षअखेरीस गेली.

त्यानंतर तुझे पत्र आले.

ते आता लिहितो. वहीची चार पाने, पेन्सिलीने, दोन्ही बाजूंनी. मी ते टेबलाशी बसून लाल पेन हातात घेऊन वाचले. सगळे कागद मी तसेच वाचतो, असे आजवर मी स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. वाणसामानाची यादी मी तशी वाचत नाही. मला राग आला होता, आणि तुझ्या म्हणण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तुझ्या लिहिण्याला मात्र होते. मी त्रेपन्न दुरुस्त्या केल्या. शेवटी समासात लिहिले, 'मजकूर विस्कळीत. शांतपणे पुन्हा लिहून पाठवावा.' नवे पाकीट घेतले, तिकीट लावले आणि तुझे पत्र तुला परत पाठवले.

तू चौथीत शाळा सोडलीस, ती 'घरच्या अडचणीमुळे', असे मी लोकांना सांगत असे. घरी शिक्षणाचा खर्च एकाच मुलाचा निघत होता आणि ते मूल मी होतो. ज्या हाताने तू माझ्या शिक्षणाच्या दिवसांत लोकांच्या चादरी पिळल्यास, त्या हाताने लिहिलेल्या पत्रावर मी लाल शाई ओतली.

आणि एवढे लिहिल्यावर राहिलेलेही लिहितो. एकमत, सही, चळवळ, हे सर्व होते. पण त्यांच्याखाली एक क्षुद्र कारण होते. त्या सभेत तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "दादाचा कागद स्वच्छ राहतो, कारण सुई त्याला टोचत नाही." बायका हसल्या. मला ते लागले. त्या एका वाक्यासाठी मी तुझे सगळेच बोलणे गाळले. बाकी तू काय बोललीस ते मला आता आठवत नाही. हेच वाक्य तेवढे तेहेतीस वर्षे पाठ आहे.

निवेदन नाही पाठवलेस तरी समजेन. पाठवलेस, तर भाषा मी पाहणार नाही.

थोरला


१३ मार्च

धाकटीस,

जाड पाकीट मिळाले. आत तुझे नवे अक्षर कोठे आहे का, ते मी तीनदा पाहिले. पाकिटावरचा पत्तादेखील भाचीने लिहिला आहे.

तीच चार पाने आठ घड्या घालून कोठे ठेवली होतीस, कोणास ठाऊक. घडीवर कागद तुटायला आला आहे. मी स्वतः उघडण्याचे धाडस केले नाही. तशीच संग्रहात नेली. घड्या मऊ पडाव्यात म्हणून मुलीने ओलसर खोक्यात ती अर्धा दिवस ठेवली, मग ब्रशाच्या टोकाने एकेक घडी सोडवली. पेन्सिल फिकट झाली आहे. काही ओळी दिवा आडवा धरल्याशिवाय दिसत नाहीत. माझी लाल शाई मात्र कालची वाटते.

माझ्या डोळ्यांना ते झेपेना, म्हणून मुलीने मोठ्याने वाचले. ती थांबत थांबत वाचत होती, आणि मध्येच एकदा म्हणाली, "काका, तुमचं लाल वाचू की नको?" मी म्हणालो, नको. नंतर मी त्या सभेविषयीचा भाग दिव्याखाली धरून स्वतः उतरवून घेतला. तू लिहिलेस तसाच.

"दादा मी बोलले ते असं. मी म्हणाले ह्या बायका रोज सुया झेलतात तेव्हा आपल्या चादरी धुतल्या जातात. ह्यांना बाहेर ठेवून मला हातमोजे नको. माझं नाही आहे. मग तुझ्याकडे बघितलं न म्हणाले दादा माझं नाही लिहून घे तू चांगलं लिहितोस. तू मान हलवलीस. मावशी म्हणाली लिहिलं बघ दादानं आपलं न तिनं डबा वाजवला. दोन वर्षं मी मावशीला सांगत होते आपलं नाही कागदावर आहे दादानं लिहिलंय लागेल तेव्हा काढू. ती तापात पण विचारायची आहे ना गं कागद. मी म्हणायचे आहे."

चारही पाने आम्ही दोनदा वाचली. 'दादाचा कागद स्वच्छ राहतो' हे वाक्य त्यांत नाही. तुझ्या विरोधाचा एकेक शब्द तू लिहिला आहेस, आणि मला टोचणारा त्यांत एकही नाही. ते वाक्य दुसऱ्या कोणी म्हटले असेल. कोणीच म्हटले नसेल, आणि तुझ्यावर राग धरायला काही हवे म्हणून मीच ते रचले असेल. माझ्या स्मरणशक्तीवर माझा फार विश्वास होता.

मान हलवल्याचे मला आठवते. नेहमी आठवत होते. मागील तीन पत्रांत मी ते लिहिले नाही, कारण ते तुलाही आठवत असेल, असे मला वाटले नव्हते. मान हलवताना लिहिण्याचा माझा इरादा होता किंवा नव्हता, हे शपथेवर सांगता येणार नाही. डबा वाजत होता, तेव्हा मी 'गोंगाट' लिहिले. मावशी आनंदाने वाजवत होती. मी लिहीत आहे, हे पाहून वाजवत होती.

'तू चांगलं लिहितोस' या शब्दांभोवती लाल वर्तुळ आहे. समासात माझ्या अक्षरात लिहिले आहे: 'अनावश्यक. गाळावे.'

मुलीने वर्णनाची चिठ्ठी भरायला घेतली. लेखिका कोण, दिनांक कोणता, पाने किती. 'अवस्था' या रकान्याशी ती थांबली. मी म्हणालो, "लिहा, लाल शाईने विद्रूप."

"कुणी केलं, ते लिहायचं का?"

"लिहायचं. चिटणिसाने."

पत्र सुनावणीत द्यायला तुझी परवानगी लागते, म्हणून मुलीने माझ्यासमोर भाचीला दूरध्वनी केला. भाची आत जाऊन आली. तिचे शब्द मला लांबूनही ऐकू आले. "आई म्हणतेय, द्या. आणि मामांना सांगा, त्यांना नाही पाठवलं. तिथे ठेवायला पाठवलंय."

समजले.

थोरला


२५ मार्च

धाकटीस,

काल सुनावणी झाली. हकिकत तुला कळवणे माझे काम आहे. चिटणीस म्हणून हे शेवटचे इतिवृत्त समज. यात अनुपस्थित कोणी नाही.

खोली लहान होती, पंखा एक. छाटणीवाल्या नऊ जणी आल्या होत्या. त्या मागच्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या. बाके रिकामी होती, तरी उभ्या राहिल्या. वकीलबाईंनी दोनदा सांगितल्यावर बसल्या, तेही कडेकडेला.

वकीलबाईंनी तुझे पत्र सादर केले. प्रशासनाच्या वकिलाने ते उचलले, खिडकीकडे धरले आणि हसला. "साहेब, यात मूळ मजकूर कोणता समजायचा? निम्मं पत्र तर कुणी तरी बदललंय." मग मला उभे केले.

"या कागदावर अक्षर कोणाचं आहे?"

"पेन्सिल माझ्या बहिणीची. लाल शाई माझी."

"आणि इतिवृत्त?"

"तेही माझे."

"म्हणजे दोन्ही कागदांवर तुमचाच हात आहे. मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा, आजोबा?"

"पेन्सिलीवर," मी म्हणालो.

त्याने इतिवृत्ताची नक्कल माझ्यापुढे धरली. जुन्या कामगार अधिकाऱ्याचा शिक्का तिच्यावर होता, आणि शिक्क्याखाली माझी सही. नक्कल खरी आहे का, असे त्याने विचारले. मी म्हणालो, "नक्कल मुळाबरहुकूम आहे. मूळ खोटे आहे. बहिणीने विरोध केला होता. तिने मला तो लिहून घ्यायला सांगितले. मी मान हलवली आणि लिहिला नाही."

टंकलेखकाने वर पाहून विचारले, "'मान हलवली' हे पण घ्यायचं का?" साहेब म्हणाले, "घ्या." मी ते टंकलेखनयंत्रावर उमटेपर्यंत उभा राहिलो.

निकाल राखून ठेवला आहे. वकीलबाई आशा देत नाहीत, काढूनही घेत नाहीत. पत्र नोंदीवर आले, एवढे निश्चित.

बाहेर जिन्याशी छाटणीवाल्यांपैकी एक माझ्यासाठी थांबली होती. पस्तिशीची असेल. उजव्या तर्जनीला चिकटपट्टी होती. मी बोटाकडे पाहिले, हे तिने पाहिले. "परवाची आहे," ती म्हणाली. "आता हातमोजे देतात, पण पातळ. सुई आरपार जाते." मग विचारले, "आजोबा, त्या पेन्सिलवाल्या बाई आहेत का अजून?"

"आहे."

"येतील का इकडे कधी?"

ती दोन पायऱ्या उतरली आणि परत वळली. "त्यांना सांगाल? म्हणावं, तुमचा कागद निघाला."

तिचा निरोप पोहोचवला. मावशीला मात्र तो कोणी पोहोचवायचा?

इतिवृत्ताचे पुस्तक आणि तुझी चार पाने आता एकाच खोक्यात आहेत. मुलीने मला दाखवले. पुस्तकातला शब्द आहे तसाच आहे, ठसठशीत, सुवाच्य. तो मी लिहिला, हे कायम राहील. शेजारी तुझे पान आहे. कोणी ते पुस्तक मागितले, तर तुझे पानही आपोआप टेबलावर येते. तशी सूचना तिने झाकणावर चिकटवली आहे. सूचनेत दोन चुका आहेत. मी त्या तशाच राहू दिल्या.

हे पत्र मी कच्चे न लिहिता थेट लिहिले आहे. तीन ठिकाणी खोडले, ते तसेच दिसू दिले आहे. माझ्या पाचही पत्रांच्या स्थळप्रती संग्रहाला द्यायच्या आहेत, पण त्याआधी त्या तू पाहिल्या पाहिजेस. त्यांत अजूनही कोठे कोठे मी स्वतःला सावरून घेतले असेल. मला ती ठिकाणे दिसत नाहीत. तुला दिसतील. सोबत त्या प्रती आणि माझे लाल पेन पाठवीत आहे. छापखान्यातलेच आहे, नवी शाई भरली आहे. जेथे खोटे वाटेल तेथे खूण कर आणि परत पाठव.

मी पुन्हा लिहून देईन.

दादा